सगळं आहे, तरी बरं का वाटत नाही? चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि गेली काही वर्षं चाळीस ते साठ या वयातल्या बायकांशी समुपदेशक म्हणून बोलते. कधी घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये, कधी कळव्याच्या चाळीत कुणाच्या तरी ओट्यावर, कधी ऐरोली-कोपरखैरण्याच्या महिला मंडळात. जागा बदलते, प्रश्न बरेचसे तेच असतात. आणि ते बहुतेक वेळा कार्यक्रम संपल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात विचारले जातात. ते इथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत मांडले आहेत.

घर झालं, मुलं मार्गाला लागली, नवरा चांगला आहे. सगळं आहे. मग मला बरं का वाटत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि जवळजवळ प्रत्येकजण तो विचारताना आधी माफी मागते. "तसं काही नाही हो ताई, उगाच आपलं..." अशी सुरुवात.

तुम्ही सांगितलेली यादी पुन्हा एकदा वाचा. घर, मुलं, नवरा, सासूबाईंची तब्येत. यातली एकही गोष्ट थेट तुमच्याबद्दल नाही. आज मनासारखं काय केलं, मनातलं कोणाशी बोललात, गुडघे दुखतात का, हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे किती, हे यादीत आलेलंच नाही. घरचं सगळं नीट असणं हे सुख आहेच, मी ते नाकारत नाही. पण "काय कमी आहे तुला?" हे बाईला इतक्या वेळा ऐकवलं जातं की खरंच काय कमी आहे ते बघायचंच राहून जातं. मग आपल्या थकव्याला आपणच कृतघ्नपणा म्हणायला लागतो. सुख बोचतंय मेलं, असं स्वतःलाच सुनावतो.

बरं वाटत नसेल तर ते आधी खरं धरा. कारण नंतर शोधू. शोधलं की ते बहुतेक वेळा सापडतं. कधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये, कधी दिवसाच्या वेळापत्रकात, कधी वीस वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एखाद्या गोष्टीत.

समाधान मोजता येतं का?

बऱ्यापैकी येतं. एड डीनर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९८५ मध्ये एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पाचच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, बेरीज ५ ते ३५ च्या मध्ये. याहून सोपी पद्धत हॅडली कॅन्ट्रिल यांची, १९६५ सालची. डोळ्यांसमोर एक शिडी आणायची. तळाशी ० म्हणजे आपल्याला सुचेल तेवढं वाईट आयुष्य, वर १० म्हणजे चांगल्यात चांगलं, आणि सध्या आपण कितव्या पायरीवर आहोत ते सांगायचं. देशांच्या सुखाची क्रमवारी दरवर्षी वर्तमानपत्रांत येते, ती याच शिडीवरच्या उत्तरांवरून ठरते.

ही शिडी मी गटात कागदावर काढायला सांगते. एकदा ऐरोलीत एका बाईंनी पेन्सिलीने ८ वर टिंब दिलं, खोडलं. ६ वर दिलं, तेही खोडलं. कागद तिथे अगदी पातळ झाला. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "ताई, हे माझं लिहायचं का घराचं?" मी म्हटलं, तुमचं. त्यांनी ३ वर टिंब दिलं, कागदाची चार वेळा घडी घातली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. तेव्हापासून मी सगळ्यांना दोन शिड्या काढायला सांगते, एक घराची, एक स्वतःची. दोन्हींमध्ये किती पायऱ्यांचा फरक पडला, तिथूनच आमचं बोलणं सुरू होतं.

घरीही करून बघा, पण आकडा एकदाच काढून थांबू नका. दर महिन्याला एकदा, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला तरी चालेल.

या वयात सुख कमी होतं असं शास्त्रानेच सिद्ध झालंय म्हणे?

थोडं खरं, थोडं ताणलेलं. डेव्हिड ब्लांचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये अनेक देशांतली आकडेवारी मांडून दाखवलं की समाधान तरुणपणी जास्त असतं, चाळिशीच्या मध्यावर किंवा पन्नाशीच्या आसपास तळाला जातं आणि पुढे पुन्हा वर चढतं. २०१२ मध्ये तर ५०८ चिंपांझी आणि ओरँगउटान यांच्याबद्दल त्यांच्या सांभाळणाऱ्यांना विचारून तसाच मधल्या वयातला उतार दिसल्याचं प्रसिद्ध झालं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. म्हणजे सगळा दोष माझ्या स्वभावाचा नाही तर!

पण हे आकडे सरासरीचे आहेत आणि उतार फार मोठा नाही. शिवाय बरेच अभ्यास एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारून केलेले आहेत. तीच बाई तिसाव्या, पंचेचाळिसाव्या आणि साठाव्या वर्षी काय म्हणाली, हे त्यातून कळत नाही. त्यामुळे "वयच तसं आहे, जाईल आपोआप" म्हणून हातावर हात ठेवून बसायला हा आलेख वापरू नका.

हे पाळी जायच्या वयामुळे आहे की मनाचं आहे?

दोन्ही असू शकतं. आधी शरीर तपासून घ्या.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. भारतात हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधी. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊ शकतो. पाळी मागेपुढे होणं, अंगातून एकदम वाफा आल्यासारखं होऊन घामाने भिजणं, रात्री तीन वाजता टक्क जाग येणं, छातीत धडधडणं, बारीकसारीक गोष्टीवरून डोळ्यांत पाणी, नाव ओठावर असून न आठवणं. यातली शेवटची गोष्ट बायकांना सगळ्यात जास्त घाबरवते. "मला विसरायचा आजार झालाय का?" असं विचारणाऱ्या कितीतरी भेटतात. या काळात हार्मोन्सच्या चढउतारांमुळे आणि मोडलेल्या झोपेमुळे असं बऱ्याचजणींना होतं.

माझं स्वतःचं सांगते. शेहेचाळिसाव्या वर्षी ठाणे स्टेशनचा जिना चढताना मला मध्ये थांबावं लागायचं. दहा-दहा दिवस पाळी चालायची. एका डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, या वयात चालायचंच. मीही ते मानलं आणि दोन वर्षं अंगावर काढलं. शेवटी बहिणीने हाताला धरून दुसरीकडे नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ८ च्या खाली निघालं. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मी पुन्हा पेटी काढून वाजवायला बसले. माझी उदासी म्हणून मी जे काय समजत होते, त्यातला मोठा भाग रक्त कमी असण्याचा होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात.

म्हणून डॉक्टरांशी बोलून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घ्या, रक्तदाब बघा. पाळीच्या तारखा लिहून न्या. रजोनिवृत्तीचा त्रास फार असेल तर हार्मोनचे आणि बिनहार्मोनचे दोन्ही उपचार आहेत. हार्मोन सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर ते आधी सांगायलाच हवं. शेजारणीची गोळी बघून दुकानातून आणू नका. आणि पाळी पूर्ण बंद झाल्यावर वर्षाने किंवा नंतर कधीही रक्ताचा डाग दिसला, एकच असला तरी, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ही गोष्ट अंगावर काढायची नाही.

मी घरीच असते. मला थकवा यायचं कारणच काय?

तुम्ही घरीच काय करता, ते एक दिवस लिहून काढा. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास आणि दीड तास. मुलांची किंवा आजाऱ्याची देखभाल त्यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली जाते.

यात एक गोष्ट कुठेच मोजली जात नाही, ती म्हणजे डोक्यातलं काम. उद्याच्या उसळीसाठी मटकी रात्रीच भिजत घालायची, दुधाचं विरजण, गॅसचा नंबर, पोळ्यांच्या मावशी येणार नाहीत तर काय, मामेसासऱ्यांचं वर्षश्राद्ध, सोसायटीचा पाण्याचा टँकर. पलंगावर पडलेलं असतानाही हे चालू असतं. म्हणून "दुपारी पडतेस की तासभर" हे ऐकून संताप येतो. तो यायलाच हवा.

नोकरी करणारीला हे प्रश्न कमी असतात का?

वेगळे असतात. मी बरीच वर्षं बेलापूरला नोकरी केली. ट्रान्सहार्बर लोकलच्या बायकांच्या डब्यात आमचा सात-आठ जणींचा गट होता. घणसोली येईपर्यंत मेथीची जुडी निवडून व्हायची, तुर्भ्यापर्यंत कोणाच्या तरी जावेचं पुराण. दमणूक होतीच. सकाळचे डबे, संध्याकाळी आल्या आल्या कुकर. पण तो गाडीतला वेळ दिवसातला माझा होता, त्यात मी कोणाची काही लागत नव्हते. नोकरी सोडली तेव्हा पगार बंद होणार हे मी धरलं होतं. गाडीतला तो डबा बंद होणार हे लक्षातच आलं नव्हतं. पहिले सहा महिने मला का करमत नाही ते कळत नव्हतं.

स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, घरून काम करू लागलेल्या बायकांना मी आता हेच आधी विचारते: गाडीतल्या मैत्रिणी भेटतात का? नसतील तर महिन्याचा एक वार ठरवा आणि तो पाहुणे आले म्हणून रद्द करू नका.

मुलगी पुण्याला, मुलगा परदेशात. घर खायला उठतं.

पहिले काही महिने तसं वाटणारच. त्या खोलीत लगेच सामान कोंबू नका आणि देवघरासारखी जपूही नका. फोनची वेळ मुलांना ठरवू द्या, नाहीतर आपला जीव दिवसभर त्या फोनला टांगलेला राहतो. काहीजणींना मुलं गेल्यावर मोकळं वाटतं आणि त्याचाच अपराधीपणा छळतो. मोकळं वाटलं म्हणजे माया कमी झाली असं मुळीच नाही.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि मुलाची बारावी. मी कोणाकोणाचं करू?

यावर मला गोड उत्तर देता येत नाही. तुमच्या वाट्याला खरंच जास्त आलंय. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी ही वर्षं असतात. मी तीन गोष्टी सांगते. एक, सासूबाईंच्या सगळ्या मुलांना, मुलींनाही, एकत्र बसवून खर्च आणि वार वाटून घ्या, आणि हे बोलणं तुमच्या नवऱ्याने करावं, तुम्ही नव्हे. दोन, परवडत असेल तर दिवसातले चार तास तरी बाई ठेवा. त्या चार तासांत घर आवरत बसू नका, बाहेर पडा. तीन, तुमची पाठ. रुग्णाला उठवायची-बसवायची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, कारण पाठ गेली तर करणारं कोणीच उरणार नाही.

आणि कधीतरी मनात "सुटका होऊ दे" असं येतं. माझ्यासमोर हे वाक्य उच्चारून ढसाढसा रडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रात्रीची झोप महिनोन् महिने मोडलेल्या माणसाच्या मनात हे येतं. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही.

मी एकटी आहे. लग्न केलं नाही. नंतर काय, ही भीती वाटते.

भीतीचे दोन भाग करा. पैशाचा आणि आजारपणाचा भाग कागदावर सोडवता येतो: आरोग्य विमा, इच्छापत्र, घराची एक किल्ली विश्वासातल्या माणसाकडे. उरलेला भाग माणसांचा. त्याबद्दल खाली मैत्रिणींच्या प्रश्नात वाचा. नवरा गेलेल्या आणि घटस्फोट घेतलेल्या बायकांनाही हेच सांगेन. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर अजूनही कुजबुज होते, हे ठाण्या-नवी मुंबईसारख्या शहरात मला लाजिरवाणं वाटतं. आमच्या गटात संक्रांतीला तिळगूळ सगळ्यांना देतात.

पैशाने समाधान येतं का?

स्वतःच्या हातातल्या पैशाने येतं, हे मी रोज बघते. रक्कम लहान असली तरी चालते, विचारावं लागू नये. स्वतःच्या एकट्या नावाचं बँक खातं, त्याचं एटीएम कार्ड आणि पिन स्वतःकडेच. घराच्या कागदांवर नाव आहे का ते बघा. नॉमिनी म्हणून नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, हे बहुतेकींना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क आहे. भावाशी वाईटपणा नको म्हणून हक्कसोडपत्रावर सही करायची असेल तर करा, पण आधी वकिलाला दाखवून, समजून करा.

या वयात नव्या मैत्रिणी कुठून आणू?

जिथे रोज त्याच वेळी तीच माणसं येतात, तिथून. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात जिव्हाळ्याची नाती ही म्हातारपणीच्या तब्येतीशी आणि समाधानाशी घट्ट जोडलेली दिसली. सुरुवातीला त्यात फक्त पुरुष होते, पण मैत्रीबद्दल तो सांगतो ते मला आमच्या गटातही दिसतं.

कचराळी तलावाभोवती सकाळी साडेसहाला चालणाऱ्या बायका बघा. पहिले पंधरा दिवस नुसतं हसायचं, मग एक दिवस कोणीतरी विचारतं, "काल आला नाहीत?" तिथून सुरू होतं. ठाण्यातलं उपवन, तलावपाळी, वाशीचं मिनी सीशोर, नेरूळचा ज्वेल ऑफ नवी मुंबई, फिरायच्या अशा जागी सगळीकडे हेच चालतं. वाचायची आवड असेल तर मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ठाण्यात आहे. सदस्य होऊन ठरलेल्या वारी जा. भिशी चालवता तर तिच्यात खाण्याच्या आधी अर्धा तास नुसतं बोलायला ठेवा. ओळखी भरपूर असतात, रात्री दहाला फोन करता येईल अशी एक आहे का, ते बघा.

चालण्याने खरंच फरक पडतो?

पडतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. आपण दुसरा भाग विसरतो. हाडांसाठी या वयात तोच फार महत्त्वाचा आहे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घेऊनही सुरुवात होते.

आता शिकून काय करू?

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांसाठी आहे ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं. नाही घ्यायची पदवी तर नका घेऊ. पेटी, पोहणं, गाडी चालवणं, मोडी लिपी, काहीही. फक्त "मुलांना उपयोग होईल म्हणून" असलेलं काही निवडू नका.

नुसती उदासी आणि आजार यात फरक कसा ओळखायचा?

दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण कोणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, आजच कोणाला तरी सांगायचं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

"ठाण्याला पाठवायला हवं हिला" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय. इथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं आहे आणि त्याच्या नावाने केलेल्या त्या थट्टेमुळे कितीतरी बायका मनाच्या डॉक्टरांची पायरी चढल्या नाहीत, याचं मला फार दुःख होतं. त्याच शहरात राहून मी सांगते, औषध घेणं ही बीपीच्या गोळीसारखीच गोष्ट आहे. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनाने बंद करू नका.

घरात हात उचलला जातो. या वयात कुठे जाऊ?

१८१ ही महिला हेल्पलाइन आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून तो हक्क संपत नाही.

मी नवरा आहे. बायकोसाठी काय करू?

हा प्रश्न कमी वेळा येतो, पण आता येऊ लागलाय आणि मला त्याचा आनंद आहे. "काही मदत करू का?" असं विचारू नका, कारण मग काय करायचं ते तिलाच सांगत बसावं लागतं. एक काम पूर्ण स्वतःकडे घ्या. समजा, दूध. किती आणायचं, संपत आलंय का, आणल्यावर तापवायचं, उतू गेलं तर ओटा पुसायचा, रात्री विरजण लावायचं, पाहुणे येणार असतील तर जास्तीचं सांगून ठेवायचं, दूधवाल्याचा हिशेब. तिने एकदाही आठवण करून द्यायची नाही. पहिल्या आठवड्यात दही आंबट होईल. तरीही काम तुमच्याकडेच ठेवा.